वेंगो, वेनीवो, वेर्रो

तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी रात्री बारा बारा वाजेपर्यंत इटालियन क्रियापदांचे तक्ते भिंतीला चिकटवत बसते आणि सकाळी उठेपर्यंत सगळं विसरलेली असते. तोरीनोला जायला आता सात आठवडे राहिलेत. फोनवर सांगितलं की तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस, म्हणून हे लिहूनच पाठवते आहे.

पहिलं काम, ते तक्ते भिंतीवरून काढ. एका क्रियापदाचे सगळे काळ आणि अर्थ धरले तर चौदा कोष्टकं होतात, प्रत्येकात सहा रूपं, म्हणजे ८४. आज्ञार्थ वेगळाच. हा आकडा बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण त्यातली निम्मी, म्हणजे ४२ रूपं, जोडरूपं आहेत: 'आवेरे' (जवळ असणे) किंवा 'एस्सेरे' (असणे) यांचं एखादं रूप घ्यायचं आणि त्याला भूतकाळवाचक धातुसाधित लावायचं. 'फारे' म्हणजे करणे. त्याचं 'फात्तो' एवढं पाठ झालं की ४२ घरं एका फटक्यात भरली. आवेरे आणि एस्सेरे मात्र झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. तिथे माझ्याकडे कुठलीच युक्ती नाही, घोकंपट्टी करायची.

उरलेल्या ४२ रूपांसाठी चार खुंट्या आणि जोडरूपांच्या धातुसाधितासाठी एक, अशा पाच पुरतात. मी विद्यार्थ्यांकडून त्या पाढ्यासारख्या म्हणवून घ्यायची. येणे म्हणजे 'वेनीरे': वेंगो, वेनीवो, वेर्रो, वेन्नी, वेनूतो. करणे: फाच्चो, फाचेवो, फारो, फेची, फात्तो. सांगणे, म्हणजे 'दीरे': दीको, दिचेवो, दिरो, दिस्सी, देत्तो. पिणे, म्हणजे 'बेरे': बेवो, बेवेवो, बेर्रो, बेव्वी, बेवूतो. वर्तमानातला मी, चालू-भूतातला मी, भविष्यातला मी, गोष्टीतल्या भूतकाळातला मी आणि शेवटी धातुसाधित. बाकीची रूपं या पाचांवर टांगलेली असतात. (च सगळीकडे 'चहा'तला म्हण. 'चमचा'तला च इटालियनमध्ये आहे, पण तो 'पित्सा'साठी राखून ठेवलाय.)

आता एकेक खुंटी बघ. पहिलीवर जरा जास्त वेळ काढते, कारण रोजचं बोलणं तिच्यावरच चालतं.

जाणे म्हणजे 'आन्दारे'. मी, तू, तो, ते यांच्यासाठी वादो, वाइ, वा, वान्नो. आम्ही, तुम्ही यांच्यासाठी आन्दियामो, आन्दाते. दोन वेगळी क्रियापदं वाटतात ना? मुळात दोन होतीच. 'वादो' लॅटिनच्या 'वादेरे'तून आलं, 'आन्दारे' दुसऱ्याच घरचं. दोघांनी एकत्र संसार थाटला. यावर नाक मुरडू नकोस. 'मी जाते' म्हणणारी तू काल 'मी गेले' म्हणालीस, 'जाले' म्हणाली नाहीस. आपलं 'जा' संस्कृतच्या 'या' धातूतून आलं आणि 'गेला' हे 'गम्'च्या 'गत'मधून. आहे, होता, असेल या तिघांची तोंडं तरी कुठे एकमेकांशी जुळतात? मग एस्सेरेच्या सोनो, एरो, सारो, फुइ यांना कसली नावं ठेवायची? करणेचं केलं, देणेचं दिलं, मरणेचा मेला, सांगणेचं सांगितलं, हे सगळं तू चार वर्षांची व्हायच्या आत शिकलीस. शिकताना "मी करलं" असंही म्हणायचीस, मी ऐकलंय. इटलीतली पोरंही 'आपेर्तो'च्या जागी 'आप्रीतो' म्हणतात आणि त्यांच्या मावश्या हसतात.

तर, मी-तू-तो-ते एका बाजूला आणि आम्ही-तुम्ही दुसऱ्या बाजूला, हा कप्पा लक्षात ठेव. असं होतं ते आघातामुळे. आम्ही-तुम्हीच्या रूपात जोर शेपटीवर जातो आणि धातू आपला मूळचा, शांत राहतो. इतर चौघांत जोर धातूवर पडतो आणि त्याचा स्वर बदलतो. बाहेर पडणे म्हणजे 'उश्शीरे' (उशीर आठव, विसरणार नाहीस): एस्को, एश्शी, एश्शे, एस्कोनो, पण उश्शामो, उश्शीते. मरणे म्हणजे 'मोरीरे': मुओयो, मुओरी, मुओरे, मुओयोनो, पण मोरियामो, मोरीते. याशिवाय एक ग-मंडळी आहेत. वेंगो, तेंगो, रिमांगो, साल्गो, पोंगो. हा ग फक्त मी आणि ते या दोघांपुरताच येतो. वेंगो, वेंगोनो. मधला तो म्हणजे 'वियेने', तिथे ग नाही.

वेंगोनो, एस्कोनो, दीकोनो म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर. आपण मराठी माणसं तो सवयीने मधल्यावर नेतो आणि ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो.

पहिल्या खुंटीवर टांगलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'कोंज्युन्तीवो'. याचं नाव काढलं की मुलं घाबरतात. घाबरायचं काहीच कारण नाही, मीच ते फार उशिरा समजून घेतलं.

पेरूजाला परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं जे विद्यापीठ आहे (अभ्यासवर्ग १९२१ पासूनचे), तिथे मी शिकायला गेले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात फळवाल्यासमोर उभी राहिले तर तो म्हणाला, "दीका!" मी खिशातला कोश काढून 'दिकारे' शोधायला लागले. नाही. 'दिकेरे'? नाही. मागे रांग वाढली. तो बिचारा पुन्हा म्हणाला, "दीका, सिन्योरीना!" मी संत्र्यांकडे बोट दाखवून सुटका करून घेतली. घरी आले तर दारातच घरमालकीणबाई, "वेंगा, वेंगा, सि आक्कोमोदी!" त्याच क्षणी कानात आपल्या आजीचा आवाज आला. पाहुणे आले की आजी म्हणायची, "यावं, यावं, बसावं." 'या, बसा' नाही. 'यावं, बसावं.' वेंगा म्हणजे यावं. दीका म्हणजे सांगावं, काय हवं ते. परक्या माणसाशी अदबीनं बोलताना इटालियन माणूस आज्ञार्थ बाजूला ठेवतो आणि आपण ज्याला विध्यर्थ म्हणतो त्याच्या शेजारचं रूप वापरतो.

शाळेत तू स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शिकली होतीस. गुणांपुरतं शिकलीस हे मला माहीत आहे. आता ते वर काढ. इन्दिकातीवो, इम्पेरातीवो, कोंज्युन्तीवो, कोन्दित्सियोनाले, ही त्याच चौघांची इटालियन भावंडं. 'वोल्यो के वेंगा': त्यानं यावं असं मला वाटतं. 'क्रेदो के सीया आर्रिवातो': तो पोचला असावा. मनातली इच्छा किंवा अंदाज बोलताना जिथे तुझ्या तोंडात आपोआप 'यावं', 'असावा' येतं, तिथे निम्म्याहून जास्त वेळा कोंज्युन्तीवो येतो. माहितीची गोष्ट असेल, 'तो येतो हे मला माहीत आहे', तर साधं 'वियेने'. ही जुळणी सगळीकडे टिकत नाही. 'तो येईल अशी भीती वाटते' यात आपण 'येईल' म्हणतो, इटालियन तिथेही वेंगाच म्हणतो. 'उशीर झाला असला तरी' यातल्या 'तरी'लाही त्यांना कोंज्युन्तीवोच लागतो. ही दोन ठिकाणं वेगळी लिहून ठेव. बाकी कानावर सोड.

हे रूप बनवायला पहिल्या खुंटीतला शेवटचा ओ काढून आ लावायचा. वेंगो-वेंगा, दीको-दीका, फाच्चो-फाच्चा, वादो-वादा, एस्को-एस्का, पोस्सो-पोस्सा. न ऐकणारे पाचच: सोनोचं सीया, ओचं आब्या, सोचं साप्या, दोचं दीया, स्तोचं स्तीया. पाचच आहेत, रडू नकोस.

एक खड्डा आहे आणि त्यात खुद्द इटालियन माणसं पडतात. 'पार्लारे'सारख्या नियमित आरे-वाल्यांचं कोंज्युन्तीवो इ-कारान्त होतं, पार्ली. त्याच चालीवर अर्धशिकलेला माणूस 'वेंघी', 'वादी', 'दीकी' म्हणून जातो. १९७५ साली 'फान्तोत्सी' नावाचा सिनेमा आला. पाओलो विल्लाज्योनं त्यात एक दबलेला कारकून रंगवलाय. वरिष्ठांपुढे अदबीनं बोलायला जातो आणि नेमकी अशीच रूपं तोंडून निघतात. तेव्हापासून चुकलेल्या कोंज्युन्तीवोला त्या देशात त्या कारकुनाचंच नाव पडलंय. तुझ्या तोंडून 'वेंघी' गेलं तर लोक हसतील, पण प्रेमानं हसतील. सिनेमा मिळाला तर बघ.

दुसऱ्या खुंटीबद्दल फार बोलत नाही. चालू-भूत हा इटालियनमधला सगळ्यात गरीब काळ. एस्सेरेचं एरो सोडलं तर वाकडं काही नाही. वाकडं वाटतं ते फक्त आकसलेल्या नावांमुळे. दीरे हे लॅटिनमध्ये दीकेरे होतं, फारे हे फाकेरे, बेरेचं जुनं रूप बेवेरे, पोर्रेचं पोनेरे. नाव आकसलं, धातू आत तसाच राहिला. म्हणून दिचेवो, फाचेवो, बेवेवो, पोनेवो. भाषांतर करणे म्हणजे 'त्रादुर्रे'. माझा सगळा जन्म त्यातच गेला, त्याचं त्रादुचेवो. याच धातूवर दिचेन्दो, फाचेन्दो अशी 'करत, करताना'ची रूपं आणि दिचेस्सी, फाचेस्सीसारखा भूतातला कोंज्युन्तीवो बसतो. एस्सेरे सोडलं तर फक्त दारे आणि स्तारे इथे दगा देतात: दावो, स्तावो, पण देस्सी, स्तेस्सी. 'दास्सी' म्हणणारे इटालियनही भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

तिसरी खुंटी म्हणजे आपली संधी. वेनीरेमधला इ गळला, न आणि र समोरासमोर आले, न चा र झाला: वेर्रो. तेनेरेचं तेर्रो, रिमानेरेचं रिमार्रो. वोलेरेचा ल सुद्धा असाच विरघळतो, वोर्रो. जिथे स्वर नुसता गळतो तिथे आवरो, आन्द्रो, पोत्रो, दोवरो, साप्रो, वेद्रो. ही खुंटी पाठ झाली की संकेतार्थ फुकटात मिळतो, शेपूट तेवढी बदलते: वेर्रो-वेर्रेइ, आन्द्रो-आन्द्रेइ. कॉफी मागताना 'वोर्रेइ' म्हणशील तेव्हा तू हेच रूप वापरत असशील.

इथे एक म आहे, तो जपून वापर. 'आन्द्रेमो' म्हणजे आम्ही जाऊ. 'आन्द्रेम्मो' म्हणजे आम्ही गेलो असतो, जाऊ शकलो असतो, पण. घरमालकीणबाईंना मी एकदा मोठ्या उत्साहानं सांगितलं, उद्या आम्ही आस्सीसीला आन्द्रेम्मो. त्या हातातला पळा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पण काय? पैसे नाहीत का?" तुझ्या कानाला हे अवघड नाही. मका आणि मक्का तू कधी एक केलेस का? रस आणि रस्सा? मग इटालियनमध्ये जोडाक्षर आळसानं सुटं करायचं नाही.

संकेतार्थातला दुसरा धडा जरा कडू आहे. 'तो आला असता तर मी गेले असते.' आपण दोन्हीकडे 'असता-असते' म्हणून मोकळे होतो. इटालियन मोकळा होत नाही. 'तर'च्या आधी कोंज्युन्तीवो, नंतर कोन्दित्सियोनाले: 'से फोस्से वेनूतो, सारेइ आन्दाता.' मराठी डोकं हमखास दोन्हीकडे 'सारेइ' ठेवतं. त्यांची शाळकरी पोरंही ठेवतात आणि बोलणी खातात. 'से'च्या मागोमाग 'सारेइ' आलं की स्वतःच्या हातावर एक चापट मार. मी मारायची.

चौथी खुंटी, गोष्टीतला भूतकाळ, 'पास्सातो रेमोतो'. तोरीनोत हा तुझ्या कानावर क्वचितच पडेल. उत्तरेकडे बोलताना तो जवळजवळ कुणी वापरत नाही. सिसिलीत उतरलीस तर काल संध्याकाळच्या गोष्टीलाही तो ऐकशील. तेव्हा बोलायला घाई करू नकोस, पण ओळखता आला पाहिजे, कारण पुस्तकं त्यातच लिहिलेली असतात. पिनोक्यो उघडून बघ, पहिल्या पानापासून तोच. युक्ती अशी: मी, तो, ते हे तिघं बिघडलेले, तू, आम्ही, तुम्ही हे तिघं शहाणे. वेन्नी, वेन्ने, वेन्नेरो बिघडले. वेनीस्ती, वेनीम्मो, वेनीस्ते शहाणे. फेची, फेचे, फेचेरो आणि फाचेस्ती, फाचेम्मो, फाचेस्ते. लिहिणे, 'स्क्रीवेरे'चंही तसंच: स्क्रिस्सी, स्क्रिस्से, स्क्रिस्सेरो. एस्सेरे, दारे आणि स्तारे हे तिघं वेगळे पाठ कर.

पाचवी खुंटी शिकायला पुस्तक नको, उपाहारगृहातलं पदार्थांचं कार्ड पुरे. कुओचेरे म्हणजे शिजवणे, त्याचं कोत्तो. पान्ना कोत्ता म्हणजे शिजवलेली साय, तेर्राकोत्ता म्हणजे भाजलेली माती, बिस्कोत्तो म्हणजे दोनदा भाजलेलं. फ्रिज्जेरेचं फ्रित्तो. एस्प्रेस्सो हे एस्प्रीमेरेचं, रिस्त्रेत्तो हे रेस्त्रींजेरेचं. पुण्यातल्या कॉफीच्या दुकानात बसून तू कित्येक वर्षं अनियमित धातुसाधितं मागवते आहेस. तिरामिसू सुद्धा व्याकरणच, 'तीरा-मि-सू', म्हणजे मला वर ओढ. तू-साठीचा आज्ञार्थ आणि त्याला चिकटलेलं 'मला'. दा, फा, दि यांना ते चिकटलं की म दुप्पट होतो: दाम्मी, फाम्मी, दिम्मी. आणि नकार? 'नोन फारे', म्हणजे मूळ रूप जसंच्या तसं. आपणही 'कर' म्हणतो, पण 'कर नको' म्हणत नाही, 'करू नको' म्हणतो.

शेवटचा प्रश्न सगळे विचारतात: धातुसाधिताआधी आवेरे की एस्सेरे? तुझ्याकडे याची घरची कसोटी आहे. 'तो' की 'त्यानं'? तो गेला, तो आला, ती जन्मली, तिथे एस्सेरे, आणि शेपूट कर्त्याप्रमाणे बदलते: आन्दातो, आन्दाता. त्यानं खाल्लं, त्यानं लिहिलं, तिथे आवेरे. कर्माला चिकटायची खोडही आपल्यासारखीच, फक्त अर्धवट. 'ओ मांज्यातो ला मेला' (मेला म्हणजे सफरचंद, हसून घे) यात क्रियापद ढिम्म राहतं. पण सफरचंदाच्या जागी 'ते' असं सर्वनाम आधी आलं की लगेच 'लो मांज्याता', पोळी खाल्लीसारखं. कसोटी चुकते ती झोपला, हसला, पोहला, चालला यांच्याशी. इटालियनमध्ये ही चारही आवेरे घेतात. 'मला आवडलं' मात्र हुबेहूब आपलंच आहे: मी पियाचे म्हणजे मला आवडतं, मी पियाच्चोनो म्हणजे मला (ते) आवडतात, मी ए पियाचूतो म्हणजे मला आवडलं. इंग्रजीवरून इटालियन शिकणारे इथे महिनोन्महिने अडकतात. तू मराठीवरून शीक.

रोज पाच क्रियापदं, त्यापेक्षा जास्त नाही. भाजी चिरताना, बसमध्ये, मोठ्यानं. सुरुवात आवेरे, एस्सेरेनं कर, मग आन्दारे, फारे, दारे, स्तारे, दीरे, वेनीरे, पोतेरे, वोलेरे, दोवेरे, सापेरे. एवढ्यावर पहिले सहा महिने निभतात. पोर्रे आलं की कोम्पोर्रे, प्रोपोर्रे, सुप्पोर्रे बरोबर येतात, त्यांना वेगळा वेळ देऊ नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी उश्शीरेच्या पाच खुंट्या म्हणून दाखव, मग बाकीच्या गप्पा. आणि क्रियापदांचं ते जाडजूड पुस्तक बॅगेत भरू नकोस. तेवढ्या वजनात दोन किलो गोडा मसाला बसतो, आणि तो तोरीनोत मिळत नाही.